पिकअपचं टायर वर्षभरातच का जातं? हायवे आणि पांदण दोन्ही करणाऱ्या गाड्यांसाठी

"भाऊ, मांगच्या दिवाळीत टाकलं न नवीन, पाहा आता कसं झालं." वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या चौरस्त्याजवळ टायरचं दुकान चालवताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की गाडी थांबायच्या आधीच मला पुढचं कळतं. गाडी पिकअप असते. आठवड्यातून एक-दोन फेऱ्या नागपूरला कळमना बाजाराच्या, महिन्यातून एखादी समृद्धी महामार्गावरून नाशिक-मुंबईकडे. उरलेले दिवस वावरात, पांदणीत, नाहीतर मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागेवर. मालक म्हणतो टायर खराब निघालं, आता याहून जाड, याहून मोठ्या गोटीचं, म्हणजे नक्षीतले रबराचे ठोकळे मोठे असलेलं, द्या. मी आधी जुनं टायर उतरवून उन्हात धरतो. त्याच्यावर सगळं लिहिलेलं असतं.

लक्षणं अशी असतात:

- नक्षी मधोमध घासलेली, दोन्ही कडा शाबूत.
- उलट: दोन्ही कडा गेल्या, मध्ये नक्षी चांगली.
- पुढच्या चाकाची एकच कड तासल्यासारखी गेली.
- नक्षीवर हात फिरवला की लाटा किंवा करवतीचे दाते लागतात, ७०-८० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं.
- साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लिंबाएवढा फुगा, किंवा धसकटाचा काप.
- खिळा सापडत नाही, काटा सापडत नाही, पण दर तीन-चार दिवसांनी हवा उतरते.
- भर दुपारी, भरल्या गाडीचं, बहुधा मागचं टायर हायवेवर फुटतं.

शेवटच्या लक्षणासाठी खरं तर हे सगळं लिहितोय. बाकीच्यांत पैसे जातात, त्यात माणूस जातो.

खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमानंच करा. आधीच्या फुकटच्या आहेत, पुढे खर्च वाढत जातो. बहुतेक गाड्यांचा दोष दुसऱ्या तपासणीतच सापडतो, आणि त्यासाठी नवीन टायर घ्यावं लागत नाही.

पहिली: डोळा आणि हात

गाडी सपाट जागेवर लावा, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि पुढच्या टायरची आतली कड बघा. बाहेरची कड सगळेच बघतात. आतली कुणी बघत नाही, आणि टायरच्या आतली तार तिथूनच बाहेर येते. मग नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं खरखरीत लागलं तर चाकं सरळ चालत नाहीत, अलाइनमेंट बिघडली आहे.

टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि साइडवॉल मिळतात तिथे, छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. त्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा दिसतो, त्याची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी घासून त्या उंचवट्याबरोबर आली की टायर संपलं. वावरात ते अजून सहा महिने चालेल, खरंय. पावसात हायवेवर मात्र खाचांमधून पाणी बाहेर निघत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगत जाते. २०२३ च्या उन्हाळ्यात आरटीओच्या पथकांनी समृद्धीच्या तोंडाशी टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या. लोक चिडले होते. मला ते योग्यच वाटलं.

खाचांत अडकलेली गिट्टी आणि मुरूम स्क्रू-ड्रायव्हरनं काढा. गिट्टी वजनाखाली रोज थोडी आत जाते आणि एक दिवस तारेपर्यंत पोचते.

फुगा दिसला, साइडवॉलच्या कापात दोरा दिसला, किंवा नक्षीतून तार चमकली, तर तपासणी तिथेच थांबवा. स्टेपनी चढवा, टायर बाद. फुगा म्हणजे आतले दोरे तुटलेत आणि हवा फक्त रबरानं धरून ठेवलीय. आतून पॅच मारून देणारे भेटतात. साइडवॉलला मी पॅच मारत नाही, कितीही ओळखीचा माणूस आला तरी.

दुसरी: हवा, पण थंड टायरची

आपल्याकडची खरी गोम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पांदणीत चिखल असला की ड्रायव्हर हवा कमी करतो. ते चुकीचं नाही. हवा कमी केली की टायर पसरतं, जमिनीला जास्त जागा टेकतं आणि काळ्या मातीत गाडी रुतायची कमी होते. मोठ्या गोटीपेक्षा याचा फायदा जास्त. पण माल भरून गाडी डांबरीवर आली, पुढचा पंप वीस किलोमीटरवर, घाई असते, आणि तशीच गाडी हायवेवर जाते.

मागच्या एका मार्चमध्ये आर्वीकडचा एक जण मृग बहाराचा संत्रा भरून समृद्धीवर चढला. आदल्या दिवशी अवकाळी झाला होता, म्हणून बगिच्यातून निघायला त्यानं मागच्या दोन्ही टायरची हवा जवळपास निम्म्यावर आणली होती. मेहकरच्या अलीकडे डावं टायर फुटलं. गाडी दुभाजकाला घासून थांबली, माणसं वाचली. टायर माझ्याकडे आणलं तेव्हा आतल्या बाजूला रबराचा काळा भुगा होता आणि साइडवॉलला गोल पट्टा पडला होता. तो पट्टा म्हणजे कमी हवेवर पळाल्याचा दाखला. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात दुमडते आणि सरळ होते. तार वारंवार वाकवली की ती गरम होते, तसंच टायरचं होतं. पांदणीत दहाच्या वेगानं ती उष्णता निघून जाते. ऐंशीच्या वेगानं, मेअखेरच्या नवतपाच्या उन्हात, तापलेल्या काँक्रीटवर ती निघायला जागाच नसते. आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि टायर फुटतं.

त्याला नवीन टायर विकून मी मोकळा झालो असतो. मी त्याला आधी हवेचा गेज घ्यायला लावला.

तर, स्वतःचा गेज ठेवा. काही शे रुपयांत चांगला मिळतो. पंपावरचा किंवा दुकानातला गेज, माझ्या दुकानातला सुद्धा, दिवसभर आपटून चूक दाखवू शकतो. हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी मोजा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं, रिकाम्या गाडीचं वेगळं आणि भरल्या गाडीचं वेगळं. टायरच्या बाजूला छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. तो बघून हवा भरू नका. नक्षी मधोमध जाते ती यानंच: भरल्या गाडीची हवा आणि आठवडाभर रिकामी गाडी.

हायवेवर तासभर चालून गेज लावला तर हवा जास्त दिसेल. सकाळी ३० अंशाला ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेलं टायर ६० अंशावर गेलं की ४५ च्या आसपास दाखवतं. हे बरोबर आहे, ते तसंच राहू द्या. "जास्त झाली" म्हणून गरम टायरमधून सोडून परत ४० केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ३५ च उरते, आणि कमी हवेचं चक्र पुन्हा सुरू. उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी असा आपल्याकडे समज आहे. त्यानं जितकी टायरं फुटलीत तितकी खिळ्यांनी फुटली नसतील.

पांदणीत जाणं रोजचंच असेल तर बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा कंप्रेसर घ्या. नवीन टायरच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. पांदण संपून डांबरी लागते तिथे गाडी थांबवा, सावलीत लावा, चारही टायर भरा, मग निघा. नायट्रोजन भरायचा का, असं पुष्कळ जण विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे गेजवर घाला.

तिसरी: वॉल, टोपी, रिम

हवा हळूहळू उतरत असेल तर साबणाचं पाणी करा. आधी वॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, तोंडावर, मग वॉलच्या मुळाशी, मग रिम आणि टायर जिथे भेटतात त्या पूर्ण गोलावर फडक्यानं लावा. बुडबुडा आला की जागा सापडली. टोपी नसली तर वॉलमध्ये चिखल जातो आणि पिन पूर्ण बसत नाही. दहा रुपयांची टोपी आहे, चारही लावा. ट्यूबलेस टायर हवा कमी करून चिखलात फिरवलं की रिमच्या कडेत माती शिरते. ती वाळली की हवा बारीक-बारीक निसटते. टायर उतरवून कड घासून साफ केली की थांबते. रिमच वाकली असेल तर ठोकून सरळ करणारे आहेत, पण तडा गेलेली रिम वेल्डिंग करून हायवेवर नेऊ नका.

आणि पऱ्हाटी, तुरीची धसकटं. कापणी तिरपी झाली की खुंट भाल्यासारखा राहतो, बांबूचा तर त्याहून वाईट. वावरात गाडी घालताना तासांच्या, म्हणजे पिकाच्या ओळींच्या, आडवं जाऊ नका, तासाच्या रेषेत चाक ठेवा. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो आणि पंधरा दिवसांनी पंक्चर करतो, म्हणून पंक्चर काढणाऱ्याला टायरच्या आतून हात फिरवायला सांगा. ट्यूबच्या गाडीत नवीन ट्यूबसुद्धा दुसऱ्या दिवशी फुटते ती यामुळेच.

चौथी: टायरवर छापलेलं वाचा

यालाही पैसे लागत नाहीत. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा एक लांबट शिक्का असतो. ३२२३ असेल तर टायर २०२३ च्या ३२ व्या आठवड्यात बनलंय. टायर कमी पळालं असलं तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होतं, बाजूला केसासारख्या भेगा येतात. शेतीपुरती चालणारी गाडी आणि वर्षानुवर्षं खाली टांगलेली स्टेपनी यांचं हेच होतं. नवीन घेतानाही शिक्का बघूनच घ्या.

मापानंतर येणारा आकडा वजनाचा असतो. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. त्याच्या पुढचं अक्षर वेगाचं: एल म्हणजे १२०, एन म्हणजे १४०, क्यू म्हणजे १६०. पिकअपला कारचं टायर स्वस्तात बसवलेलं मी पाहिलंय. माप तेच, रिम तीच, दिसायलाही छान. वजनाचा आकडा मात्र कमी.

एका ॲक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन, म्हणजे आतल्या दोऱ्यांची विण वेगळी असलेली दोन टायरं, कधीच नको. दोन्हींची वाकायची रीत वेगळी असते, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. जुन्यावर नवं रबर चढवलेलं टायर पुढच्या चाकाला नको.

पाचवी: वजनकाटा

जिनिंगजवळ, मार्केटजवळ वजनकाटा असतोच. भरलेली गाडी पूर्ण तोलू नका, फक्त मागची चाकं काट्यावर घ्या. समजा मागे १०० आकड्याची दोन टायरं आहेत. दोघांची ताकद १६०० किलो. काट्यावर २००० आले तर ४०० किलो जास्त आहेत, आणि ते प्रत्येक खड्ड्यात दुपटीनं आपटतात. गाडीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवून घेतल्यानं टायरची ताकद वाढत नाही. ही गोष्ट मी लोकांना सारखी सांगतो, कारण पाटे वाढवले की गाडी मागून बसलेली दिसत नाही आणि ड्रायव्हरला वाटतं वजन सोसलं. सोसत असतं फक्त टायर.

कापूस फसवतो. तो डोळ्याला भरपूर दिसतो, वजनाला हलका. हरभरा, सोयाबीन, सिमेंट, ओली रेती कमी दिसतात आणि टायर मोडतात.

सहावी: बॅलन्सिंग, अलाइनमेंट, चाकं फिरवणं

आता खर्च सुरू होतो. स्टेअरिंग एका ठरावीक वेगाला थरथरत असेल तर आधी रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल काढा. काळ्या मातीचा मुठीएवढा गोळा पुरेसा असतो. तरी थरथर राहिली तर बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. एकच कड जात असेल तर अलाइनमेंट. पण अलाइनमेंटच्या आधी पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका, मागच्या चाकांना दगड लावा. चाक खडखड हललं तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड ढिला आहे. ते बदलल्याशिवाय अलाइनमेंटचे पैसे वाया जातात, आठवड्यात परत बिघडतं. हे काम मेकॅनिकचं, टायरवाल्याचं नाही. मी स्वतः इथे गाडी पुढे पाठवतो. नक्षीवर लाटा असतील तर शॉकॲबसॉर्बर बघायला सांगा.

पुढची-मागची चाकं ८-१० हजार किलोमीटरला बदलत राहा, चारही टायर एका मापाची आणि एका जातीची असतील तर.

मग टायर कोणतं घ्यावं?

एवढं सगळं तपासून झाल्यावर, आणि टायर खरंच संपलं असेल तर.

अलीकडे पोरं मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ दाखवतात. तिकडे लोक शेकडो मैल हायवेनं जाऊन शिकारीच्या रानात गाडी घालतात, आणि त्या गाड्यांना आडव्या-तिडव्या गोटीचं मोठं टायर असतं. आपल्याकडे वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे. आपली गाडी जंगलाच्या कडेला जाते ती वावरासाठी, मोहासाठी, तेंदूपत्त्यासाठी. पण प्रश्न तोच आहे: एकच टायर लांब हायवेला आणि कच्च्या वाटेला कसं चालवायचं? त्या व्हिडिओत दिसत नाही ती गोष्ट अशी, की त्यातले जाणते लोक रानात शिरताना हवा सोडतात आणि बाहेर पडताना गाडीतल्या कंप्रेसरनं परत भरतात. आपण त्यांच्याकडून गोटी उचलली, कंप्रेसर नाही उचलला.

महिन्याचे किलोमीटर मांडा. दहापैकी आठ-नऊ किलोमीटर डांबर आणि काँक्रीट असेल तर एचटी, म्हणजे हायवेचं, सरळ खाचांचं टायर. ते थंड चालतं, आवाज कमी, डिझेल कमी. मुरूम, गिट्टी, जंगलातली वाट दहापैकी तीन-चार किलोमीटर असेल तर एटी, म्हणजे दोन्ही वाटांचं टायर. खांद्यावर जाड गोटी असते, धसकटाला थोडं तरी तोंड देतं आणि हायवेवरही नीट वागतं. या भागातल्या बहुतेक पिकअपना मी हेच देतो, वजनाचा आकडा कंपनीनं दिलेल्यापेक्षा कमी होणार नाही हे बघून. एमटी, मोठ्या गोटीचं मड टायर, फक्त त्यालाच जो डांबरावर फारसा येत नाही. हायवेवर त्याच्या गोट्या वाकतात, तापतात, लवकर घासतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला गाडी लांब जाते. आणि आपल्या काळ्या मातीत ते सुद्धा दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत होतं. ती माती पाण्यानं फुगते आणि डिंकासारखी धरते. कोणतंच टायर तिथे चालत नाही. वापसा येईपर्यंत थांबा, माल बैलबंडीनं किंवा ट्रॅक्टरनं बांधावर आणा, पिकअप डांबरीच्या कडेला उभी ठेवा. दोन दिवस जातात, टायर राहतं.

मोठं माप बसवायचा मोह आवरा. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातलं तर चाक चार टक्क्यांनी मोठं होतं. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ वर असते, चढावर जोर कमी पडतो, आणि भरल्या गाडीचं टायर मडगार्डला घासतं.

कधी हात लावायचा नाही

टायर हवेविना थोडं जरी पळालं असेल तर घरी परत फुगवू नका. बाहेरून चांगलं दिसतं, आतून साइडवॉल गेलेली असते, आणि भरता-भरता फुटतं. ट्रकच्या आणि जुन्या मिनीट्रकच्या रिमला टायर धरून ठेवणारी वेगळी लॉक-रिंग असते. ते चाक फक्त अशा दुकानात भरायचं जिथे लोखंडी पिंजरा आहे आणि लांब पाइप आहे. रिंग सुटली तर गोळीसारखी येते. पेट्रोल टाकून काडी लावून टायर रिमवर बसवायचे व्हिडिओ फिरतात, ते कुठेही करू नका.

हायवेवर टायर फुटलंच तर ब्रेक दाबू नका. स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळू सोडा, गाडी स्वतः हळू होऊ द्या, मग कडेला घ्या. समृद्धीवर लेनमध्ये किंवा लेनला चिकटून चाक बदलायला बसू नका. मागून १२० नं येणाऱ्याला वाकलेला माणूस शेवटपर्यंत दिसत नाही. माणसं उतरवून कठड्याच्या पलीकडे उभी करा आणि ११२ ला फोन लावा. राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे आपल्या नागपूर-हिंगणघाट रस्त्यावर, १०३३ चालतो. कुणाला लागलं असेल तर १०८.

टायर दाखवायला आणाल तेव्हा चारही आणा, फुटलेलं एकटं नको. उरलेल्या तिघांवर चौथ्याचं कारण लिहिलेलं असतं.